फ्लोराइडचा जठरप्रवेश

१९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डागाळलेले दात व ताठरलेले कणे यांचा संबंध विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडशी जोडला; तेव्हापासून या विषयाची चर्चा आपल्याकडे बहुधा विहिरीपाशी सुरू होते आणि हाडांपाशी संपते, मधल्या पोटाच्या मुलखाची विचारपूस मात्र क्वचितच होते.

पाण्यात फ्लोराइड हा ऋणभारित आयन असतो, आणि पेशींचे स्निग्ध पटल अशा भारित कणाला सहसा दाद देत नाही. परंतु जठरातील तीव्र आम्लात त्या आयनाला हायड्रोजनची जोड मिळून हायड्रोजन फ्लोराइडचा भाररहित रेणू तयार होतो, आणि तो जकातनाक्यावर अडविलाच जाऊ नये अशा सहजतेने, कोणत्याही वाहकावाचून, पटलापार होतो. पीएच ३.४ च्या सुमारास आयन व रेणू निम्मे निम्मे असतात. पीएच २ पाशी मात्र शेकडा ९५ हून अधिक भाग रेणुरूप असतो. पलीकडचे रक्त किंचित अल्कधर्मी, सबब तेथे पोहोचताच त्याचा पुन्हा आयन होतो आणि आल्या वाटेने परतणे त्याला दुष्कर होते. उपाशीपोटी घेतलेल्या फ्लोराइडची रक्तातील पातळी २० ते ६० मिनिटांत कळसाला पोहोचते, ती यामुळेच.

तथापि सारे कर्तृत्व जठराला बहाल करणे अन्यायाचे होईल. तेथे जेमतेम चतुर्थांश भाग शोषला जातो. उरलेला लहान आतड्याच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून आत जातो, आणि तेथे आम्लतेला फारसे महत्त्व नसते. आम्ल ठरविते तो मुख्यतः वेग. एकंदर किती शोषले जाणार, हे पुष्कळ अंशी सोबतच्या अन्नावर अवलंबून असते. सोडियम फ्लोराइड पाण्यातून एकटे गेले तर जवळजवळ संपूर्ण शोषले जाते. तेच दुधाबरोबर गेले, तर कॅल्शियमशी संयोग पावून त्याचा काही भाग अविद्राव्य होतो व मलावाटे निघून जातो.

शोषलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढांच्या शरीरात सुमारे निम्मे मूत्रावाटे बाहेर पडते, उरलेले हाडांत मुरते. वाढत्या मुलांच्या अस्थींत त्याहून अधिक राहते. भारतीय मानकाने लिटरमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा आणि दुसरे पाणी नसल्यास १.५ पर्यंतची सवलत ठरविली आहे, तो हिशेब पाण्याचा. ज्या घरात दूध केवळ चहापुरते येते, तेथील मुलाच्या रक्तात तेवढेच पाणी अधिक फ्लोराइड पोहोचवू शकते, याची नोंद त्या आकड्यात कोठेच नाही.