पायलीचे माप आणि गुंजेचे वजन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

भात पोटरीला आले, की कर्जत-खालापूरच्या डोंगरालगत राहणाऱ्या शेतकऱ्याची झोप उडते. पावसाळाभर चिखलात राबून उभे केलेले खाचर रानडुकरांचा कळप एका रात्रीत तुडवून जातो. मग माळ्यावर बसून डबे वाजवायचे, शेकोटी पेटती ठेवायची, आरोळ्या द्यायच्या. काही घरांत आज्या-पणज्याच्या वेळची, परवान्याची ठासणीची बंदूकही असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या अशा बंदुकीचा वेगळा उल्लेखच आहे. कोणाकडे काडतुसाची बाराबोअर असते.

आज या बंदुकीत जाणाऱ्या दारूविषयी, खरे तर त्या दारूच्या वजनाविषयी बोलायचे आहे. ‘अंदाजाने भरली’ आणि ‘थोड्याने काय होते’ ही दोन वाक्ये माणसाची बोटे आणि डोळे घेऊन जाऊ शकतात.

माप आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. नुकते झोडलेले ओलसर भात आणि चार उन्हे खाल्लेले भात एकाच पायलीने मोजा आणि मग काट्यावर घाला. वजन सारखे येणार नाही. पायली हलवून, ठोकून भरली तर जास्त मावते, शीग ठेवली तर आणखी जास्त. म्हणून तर खरेदी केंद्रावर पायली चालत नाही, काटा लागतो. बंदुकीच्या दारूचेही तसेच आहे. दाणा बारीक की जाड, कोरडा की दमट, हलवून भरला की अलगद ओतला, यावर एकाच मापात मावणारे वजन बदलते.

पूर्वीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू. इंग्रज शिकारी ती ड्रॅममध्ये मोजत. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, सुमारे १.७७ ग्रॅम. पुढे १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएई यांनी जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली. तिची ताकद काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे तेच काम कमी वजनात होऊ लागले. पण लोकांना सवय ड्रॅमची. म्हणून काडतुसे बनवणारे खोक्यावर ‘तीन ड्रॅमच्या तोडीचे’ असे छापू लागले. याचा अर्थ आत तीन ड्रॅम दारू आहे असा नव्हे. तीन ड्रॅम काळी दारू जे काम करील, ते हे काडतूस करील, एवढाच. तीन ड्रॅम म्हणजे ५.३ ग्रॅम, आणि आत असते साधारण दीड ग्रॅम. तो आकडा वजन समजून कोणी नवी दारू भरली, तर ती तिपटीहून जास्त होते. मग नळी फुटते, आणि ती फुटते नेमकी पुढचा हात आणि चेहरा जिथे असतो तिथे.

एवढी मोठी चूक सोडा, लहान चुकीचे पाहू. आपले जुने वजन घ्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. इंग्रजी अमदानीत रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजेच १८० ग्रेन होते. ग्रेन हे बंदूकवाल्यांचे आजही चालणारे वजन. या हिशेबाने गुंज भरते सुमारे ०.१२ ग्रॅम. दीड ग्रॅम दारूत एक गुंज जास्त पडली, तर फरक झाला शेकडा आठ!

आणि शेकडा आठ दारू वाढली म्हणून दाब शेकडा आठच वाढतो असे नाही. बंद नळीत दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. बाराबोअरच्या नळीत तो क्षणभर हवेच्या दाबाच्या काही शेपट होतो. म्हणून दारू थोडी वाढली तरी दाब बराच वाढतो. दारू कमी पडणेही सुरक्षित नाही. दट्ट्या नळीतच अडकून बसतो, आणि त्यामागून दुसरा बार झाला की तीच गत.

मग घरी वजन करून पाहिले तर? स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो. दीड ग्रॅमला तो कधी एक म्हणेल, कधी दोन. सोनाराच्या काट्याला गुंज कळते. पण पंख्याचा वारा लागला, काटा सपाटीवर नसला किंवा शून्य सरकले, की तोही मुकाट्याने चुकीचा आकडा दाखवतो. ज्याचे वजन आधीच ठाऊक आहे असे प्रमाणित वजन ठेवून पाहिल्याशिवाय कोणत्याही काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. दहा वेळा मापून सरासरी बरोबर आली म्हणूनही भागत नाही. सरासरी नळीत जात नाही. जाते ते एकेक माप, आणि नळी फोडायला एक पुरते. भरलेले काडतूस तोलूनही काही कळत नाही. आतले शिसेच तीस ग्रॅमच्या आसपास असते. छर्ऱ्यात आणि टोपणात जो फरक पडतो, त्यात दारूची एक गुंज लपून जाते.

म्हणूनच हे काम कारखान्याचे आहे. बोरघाट चढून गेले की पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी दारूची प्रत्येक खेप आधी तपासतात, आणि तयार मालातले नमुने दाब मोजणाऱ्या खास नळीत उडवून पाहतात. वजन बरोबर असून दाब चुकला, तर ते तिथेच उघडे पडते. घरातल्या ओट्यावर ही सोय नाही. शिवाय काडतुसे तयार करायला शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमाखाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. रिकामी टोपणे गोळा करून ‘स्वस्तात भरून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

ठासणीची बंदूक मात्र मालकालाच भरावी लागते. त्यासाठी चार गोष्टी. एक, तिच्यात फक्त काळी दारू घालावी. काडतूस फोडून काढलेली दारू कधीही नाही. दोन, दारू किती हे परवानाधारक कारागिराकडून बंदूक तपासून ठरवून घ्यावे आणि तेवढ्याच मापाचे एक भांडे ठेवावे, शीग न ठेवता भरावे. डब्यातून थेट नळीत ओतू नये. आत ठिणगी उरली असेल तर डबाच पेटतो. तीन, गजावर दोन खुणा कराव्यात, एक रिकाम्या नळीची, एक बरोबर भरलेल्या नळीची. दिवट्याच्या उजेडात, झोपेच्या गुंगीत दोनदा भरण्याची चूक सर्वांत जास्त होते. गज खुणेपेक्षा वर राहिला की ती कळते. चार, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकरालाही संरक्षण आहे. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि पिकाच्या नुकसानीचा अर्जही तिथेच करायचा असतो.

पायलीत मूठभर भात कमी पडले, तर उद्या भरून देता येते. गुंजभर दारू जास्त पडली, तर ती काढून घ्यायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. तेव्हा माळ्यावर जाण्यापूर्वी गज एकदा नळीत घालून पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.