दहावीचे इंग्रजी आणि अकरावीचे इंग्रजी

कुंडल, भिलवडी, अंकलखोप, दुधोंडी अशा गावांतली मुले दहावी झाली की अकरावीसाठी पलूसला, रामानंदनगरला नाहीतर थेट सांगलीला जाऊ लागतात. सायन्स घ्यायचे की कॉमर्स, यावर घरात कितीतरी दिवस खल चालतो. इंग्रजीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो विषय तिन्ही शाखांना सक्तीचा, मग त्यात ठरवायचे काय, असे वाटते. पण राज्य मंडळाच्या शाळांत सगळी मुले दहावीपर्यंत एकाच पातळीचे इंग्रजी शिकत नाहीत. आपले मूल कोणत्या पातळीवरून कोणत्या पातळीवर चालले आहे, हे पालकांनी आधी समजून घेतले पाहिजे.

दहावीला इंग्रजीचे दोन वेगळे विषय आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची ती प्रथम भाषा, आणि त्यांचे पुस्तक ‘इंग्लिश कुमारभारती’. मराठी माध्यमाच्या मुलांची ती तृतीय भाषा, आणि त्यांचे पुस्तक ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. ही दोन्ही पुस्तके बालभारतीने 2018 साली आणली. दोन्हीकडे लेखी परीक्षा 80 गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन 20 गुणांचे, त्यामुळे गुणपत्रिकेवर दोन्ही विषय सारखेच भारदस्त दिसतात. प्रश्नपत्रिका मात्र वेगवेगळ्या असतात.

इथे सेमीवाल्या पालकांचा हमखास गोंधळ होतो. सेमी इंग्रजी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. इंग्रजी हा विषय सेमीच्या मुलालाही तृतीय भाषा म्हणूनच असतो. पुस्तक तेच, पेपर तोच. सेमीतल्या मुलाला विज्ञानातल्या संज्ञा इंग्रजीतून येतात, हा फायदा खरा आहे. पण एखादी गोष्ट वाचून तिच्यावर स्वतःचे मत पानभर इंग्रजीत लिहिण्याचा सराव त्याला वेगळा मिळालेला नसतो.

तृतीय भाषेच्या पेपरात काय असते, ते पाहू. व्याकरण आणि शब्दांवरचे प्रश्न, पाठ्यपुस्तकातले उतारे, कविता, पुस्तकाबाहेरचा एक उतारा आणि त्याचा सारांश, पत्र, संवाद किंवा भाषण. शेवटी 5 गुणांचे भाषांतर, म्हणजे इंग्रजी शब्द, वाक्ये आणि म्हणी आपल्या माध्यमाच्या भाषेत लिहायच्या. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मूल मराठीचा हात धरूनच इंग्रजीकडे जात असते, आणि हा पेपर ते मोकळेपणाने मान्य करतो. मराठी शाळेत इंग्रजी पहिलीपासून आले ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीत सुरू होत असे. पहिलीपासून आल्यावरही मुलाची समज मराठीतूनच वाढते, आणि ते योग्यच आहे.

दहावीचा आणखी एक नियम लक्षात ठेवावा. टक्केवारी काढताना सहा विषयांपैकी जास्त गुणांचे पाच धरले जातात. त्यामुळे इंग्रजीत 40 गुण पडले तरी एकूण टक्के नव्वदीच्या घरात जाऊ शकतात. पेढे वाटले जातात आणि ते 40 गुण कोणाच्या नजरेस पडत नाहीत. अकरावीत तेच आडवे येतात.

अकरावीला दोन्ही वाटा एक होतात. मराठी माध्यम, सेमी, इंग्रजी माध्यम, सगळ्यांना एकच ‘इंग्लिश युवकभारती’ आणि बारावीला सगळ्यांना मंडळाचा एकच पेपर. 2020 साली आलेल्या बारावीच्या पुस्तकानुसार लेखी 80 गुणांची विभागणी अशी आहे : गद्य 34, कविता 14, लेखनकौशल्य 16 आणि कादंबरी 16. उरलेले 20 गुण तोंडी परीक्षेचे. गद्यात आर. के. नारायण आणि ओ. हेन्री यांच्या कथा आहेत, व्हर्जिनिया वुल्फ आहे, आपले अच्युत गोडबोले आहेत. कवितेत दिलीप चित्रे भेटतात. कादंबरीच्या भागात ज्यूल व्हर्न आणि कॉनन डॉईल यांच्या कादंबऱ्यांचे अंश आहेत. लेखनात स्टेटमेंट ऑफ पर्पज, ग्रुप डिस्कशन, मुलाखतीचे प्रश्न असे प्रकार येतात. पुस्तक चांगलेच आहे. पण भाषांतराचा प्रश्न इथे नाही, आणि व्हर्जिनिया वुल्फची कथा गाईडमधून पाठ करून कळत नाही.

म्हणजे इंग्रजी माध्यमाचे मूल कुमारभारतीवरून युवकभारतीवर एक पायरी चढते, तर मराठी माध्यमाच्या मुलाला त्याच वेळी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. त्यात त्याची हुशारी कमी पडत नाही, मधली पायरी त्याला कोणी दाखवलेली नसते. वर्गात दोन्ही प्रकारची मुले शेजारी बसतात, प्राध्यापक इंग्रजीतून शिकवतात आणि मराठी शाळेतून आलेली मुलगी प्रश्न विचारायचेच सोडून देते.

बाहेर काय पद्धती आहेत, तेही पाहण्यासारखे आहे. सीबीएसईत बारावीला ‘इंग्लिश कोअर’ आणि ‘इंग्लिश इलेक्टिव्ह’ असे दोन विषय आहेत; दुसऱ्यात साहित्यावर भर. आपल्याकडेही सक्तीच्या इंग्रजीखेरीज इंग्रजी साहित्य हा ऐच्छिक विषय मंडळाने ठेवला आहे, पण तो सगळ्या ज्युनिअर कॉलेजांत मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात शेवटच्या परीक्षेला आपल्यासारखेच एचएससी म्हणतात आणि इंग्रजी सक्तीचे असते. मात्र तिथे स्टँडर्ड, अॅडव्हान्स्ड आणि त्यापुढे एक्स्टेन्शन अशा पातळ्या असतात, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे 2024 साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात अकरावी-बारावीची इंग्रजीची सक्तीच काढण्याची सूचना आली होती. मला ती पटत नाही. सक्ती गेली तर शहरातली मुले इंग्रजी घेतीलच. सोडतील ती आपल्या तालुक्यातली.

मधली पायरी घरच्या घरी बांधता येते. मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर संपतो, कॉलेज सुरू व्हायला पावसाळा उजाडतो. या सुट्टीत मराठी माध्यमाच्या मुलाने दहावीचे ‘इंग्लिश कुमारभारती’ वाचावे. ते त्याच्याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेले आहे, त्यामुळे विषय परके वाटत नाहीत; भाषा मात्र एक पायरी वरची आहे. एका बैठकीत एकच पाठ घ्यावा. पहिल्यांदा अडलेल्या शब्दांवर न थांबता शेवटपर्यंत वाचावा, दुसऱ्यांदा शब्दकोश घेऊन. मग पाठात काय आहे ते आधी मराठीत कोणाला तरी सांगावे आणि त्यानंतर चार-पाच वाक्यांत इंग्रजीत लिहावे. मराठीत सांगता आले नाही, तर पाठ कळलेला नाही असे समजावे. चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. शेजारचे मूल इंग्रजी माध्यमात असेल तर त्याचे जुने पुस्तक मागून घ्या. नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवून घेता येते.