मशेरीचा डबा आणि पोटातले बाळ

इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. पाचवा महिना लागलेली एक सूनबाई ओट्यावर बसून मशेरी लावत होती. थुंकली तर रक्त! आम्ही विचारले, तर सासूबाईच म्हणाल्या, "पोटुशीच्या हिरड्या सुजायच्याच. एखादा दात जायचाच. मशेरीनं बरं वाटतंय तिला."

भगिनींनो, बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा गैरसमज आहे. गरोदरपणात शरीरातील संप्रेरके वाढतात. त्यामुळे दातांवर साचलेल्या किटणाने हिरड्या लवकर सुजतात, रक्त येते. किटण काढले, दात नीट घासले की सूज उतरते. दात जातो तो दुर्लक्षाने.

आणि मशेरी म्हणजे काय? तव्यावर भाजलेली तंबाखूच! ठणका घटकाभर कमी वाटतो, आतला रोग वाढतच राहतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ सालीच बंदी केली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू-मशेरी वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच जास्त होते. आधीच अशक्त आई, त्यात हे!

मशेरी सोडून मऊ ब्रश आणि फ्लोराइडची साधी पेस्ट घ्या. दोन वेळा घासा, रात्री तर चुकवूच नका. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नये, आम्लाने दात झिजतात. पाण्यात थोडा खायचा सोडा घालून चूळ भरा, तासाभराने घासा. फडात उसाचे कांडे चघळले तरी चूळ भरायला विसरू नका.

दाताच्या डॉक्टरांना मात्र घाबरू नका. चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, पण दाढ ठणकत असेल तर कोणत्याही महिन्यात जा. बधिर करण्याचे नेहमीचे इंजेक्शन चालते. दिवस गेल्याचे आधी सांगा. मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका. टेट्रासायक्लीनसारख्या औषधाने बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथे तोंड उघडून हिरड्याही दाखवा.

सूनबाईला येत्या ९ तारखेला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचे सासूबाईंनी कबूल केले. स्वतःचा डबा मात्र त्यांनी हळूच पदराआड सरकवला.