ताज्या काँक्रीटची सुकार्यता : चाचणी आणि तिचा अर्थ

प्रस्तावना :

काँक्रीटची मजबुती ठोकळ्याच्या दाबचाचणीने ठरवली जाते. मात्र तिचा अंतिम निकाल २८ दिवसांनी हाती येतो. तोपर्यंत ते काँक्रीट स्लॅबचा वा स्तंभाचा भाग झालेले असते. सदोष मिश्रण वेळीच नाकारण्याची संधी फक्त ते ताजे असतानाच मिळते. म्हणून सुकार्यतेच्या चाचणीचे महत्त्व तिच्या साधेपणावरून जोखणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखात या चाचणीचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

सुकार्यता म्हणजे काय ?

मिश्रणातील खडी, वाळू व सिमेंटचा लगदा एकमेकांपासून विलग न होता काँक्रीट वाहून नेता येणे, साच्यात ओतता येणे व पूर्णपणे ठासता येणे, या गुणधर्मास सुकार्यता म्हणतात. बांधकामावर यालाच 'वर्केबिलिटी' असे म्हटले जाते. सुकार्यता कमी असल्यास सळयांभोवती पोकळ्या राहतात. सुमारे ५ टक्के पोकळ्यांमुळे मजबुती ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. याउलट मिश्रण फार पातळ झाल्यास खडी तळाशी बसते व पाणी पृष्ठभागावर येते.

स्लंप चाचणी :

या चाचणीसाठी ३०० मि.मी. उंचीचा, तळाशी २०० व माथ्याशी १०० मि.मी. व्यासाचा शंक्वाकृती साचा वापरतात. साचा थराथराने भरून प्रत्येक थर १६ मि.मी. व्यासाच्या गोलाकार टोकाच्या सळईने २५ वेळा ठासतात. माथा सपाट करून साचा सरळ वर उचलतात आणि काँक्रीट किती मि.मी. खाली बसले ते मोजतात. भारतीय मानक ११९९ च्या १९५९ च्या आवृत्तीत चार थर सांगितले होते, तर २०१८ च्या सुधारित आवृत्तीत तीन थर आहेत. आपल्या प्रयोगपुस्तिका या दृष्टीने तपासून पाहणे इष्ट ठरेल.

आकड्याइतकाच आकारही पाहावा लागतो. शंकू सर्व बाजूंनी समान खचला तर तो खरा स्लंप होय. त्याचा अर्धा भाग तिरपा घसरला तर चाचणी पुन्हा घ्यावी. पुन्हा तसेच घडल्यास मिश्रणात चिकटपणा अपुरा आहे असे समजावे. अत्यंत कोरड्या मिश्रणाचा स्लंप जवळजवळ शून्य येतो. तेथे संहनन गुणक किंवा व्ही-बी चाचणी अधिक उपयुक्त ठरते. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार कमी सळयांच्या स्लॅब व तुळयांसाठी २५ ते ७५ मि.मी., तर दाट सळयांच्या भागांसाठी ५० ते १०० मि.मी. स्लंप सुचवला आहे.

पाणी वाढवण्याचा मोह :

काँक्रीट घट्ट वाटले की बादलीभर पाणी ओतणे हा बांधकामावरील सर्वात सोपा उपाय असतो. ५० किलोच्या एका पोत्यास २५ लिटर पाणी असल्यास पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० होते. त्यात केवळ ५ लिटर वाढवले की ते ०.६० होते. स्लंप वाढतो, गवंड्याचे काम हलके होते. परंतु डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मजबुती घटते. टिकाऊपणाही कमी होतो. योग्य मार्ग म्हणजे गुणोत्तर कायम राखून पाण्याबरोबर सिमेंटही वाढवणे किंवा रासायनिक प्रवाहीकारक वापरणे.

स्थानिक परिस्थिती :

पावसाळ्यात उघड्यावरील वाळू ओली होते. एका घनमीटर काँक्रीटमधील ७०० किलो वाळूत ५ टक्के पृष्ठीय ओलावा असल्यास सुमारे ३५ लिटर पाणी न मोजता मिसळले जाते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात याच्या उलट घडते. वाहतुकीदरम्यानच स्लंप घटू लागतो. नदीच्या वाळूऐवजी येणाऱ्या कृत्रिम वाळूचे कण कोनदार असल्यास व तिच्यात दगडाची भुकटी अधिक असल्यास पाण्याची गरज वाढते. तीच प्रमाणे वापरूनही स्लंप एकाएकी बदलला, तर यांपैकी कोणते कारण आहे ते शोधावे.

समारोप :

स्लंप चाचणी मजबुती मोजत नाही. त्याच प्रमाणांचे काँक्रीट खेपेगणिक तसेच येत आहे की नाही, हे ती दाखवते. पाणी ओतून मिळवलेला अपेक्षित स्लंप हा यशाचा पुरावा नसून दोष झाकणारा आकडा आहे. म्हणून प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने स्लंपचा आकडा नोंदवताना त्यासोबत पाणी-सिमेंट गुणोत्तर, वाळूचा ओलावा व खचलेल्या शंकूचा आकारही नोंदवावा. ही सवय लागलेला अभियंता उद्या बांधकामावर पाण्याची बादली वेळीच थांबवू शकेल.