परसातल्या तलावाचे फाटक

विहिरीला कठडा हवा, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पण तेच पाणी घराच्या परसात, निळ्या फरशीच्या पोहण्याच्या तलावात आले, की त्याचे भय मनातून उतरते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, म्हणजे सिडनीच्या परिसरात, असे घरगुती तलाव पुष्कळ आहेत. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज तेथे राहतात; म्हणून तेथील नियमांची ही ओळख.

लहान मूल बुडताना ओरडत नाही. शरीराच्या मानाने त्याचे डोके जड; वाकून पाहताना तोल जातो आणि ते मुकाट्याने पाण्याखाली जाते. घरातले माणूस चुलीवरचे दूध उतरवून येईतो सारे संपलेले असते. यास्तव 1992 च्या कायद्याने केवळ मोठ्यांच्या लक्षावर भिस्त ठेवली नाही. 30 सेंटिमीटरहून अधिक खोल पाणी भरता येईल, अशा तलावाला कुंपण हवे. फुगवून मांडलेला हौदही यातून सुटत नाही. कुंपणाची उंची किमान 120 सेंटिमीटर, खालची फट 10 सेंटिमीटरहून अधिक नाही, आणि जवळ पाय ठेवून चढता येईल अशी खुर्ची वा कुंडी नाही.

खरी मेख फाटकात आहे. ते तलावाच्या उलट दिशेला उघडले पाहिजे. म्हणजे कडी नीट लागली नसली, तरी बाहेरून मुलाने ढकलल्यास ते उघडण्याऐवजी मिटते. ते आपोआप बंद व्हावे, कडीही आपोआप लागावी, आणि ती साधारणतः 150 सेंटिमीटर उंचीवर असावी. पण स्प्रिंग सैल पडते, जमीन खचते. त्याहून वाईट म्हणजे पाहुणे आले, की ये-जा सोपी व्हावी म्हणून कोणीतरी फाटकाला वीट लावून ठेवतो!

तपासणी हवी ती यासाठी. 2013 पासून तेथे तलावांची नोंदणी सक्तीची झाली. 29 एप्रिल 2016 पासून असे घर भाड्याने देताना तपासणीचे प्रमाणपत्र लागते. त्याची मुदत 3 वर्षे. विक्रीच्या वेळी मात्र दोष नमूद केलेले पत्रही चालते; मग दुरुस्ती घेणाऱ्याने 90 दिवसांत करावयाची. जो घर विकत नाही, भाड्यानेही देत नाही, त्याच्या फाटकाचे काय? शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने दर 4 वर्षांनी प्रमाणपत्र आवश्यक केले आहे; मला ती रीत अधिक शहाणपणाची वाटते.

मुलाकडे राहावयास गेलेल्या आजी-आजोबांनाही ही परीक्षा घेता येईल. फाटक चार बोटे उघडून सोडावे, मग अर्धे, मग पुरते. तिन्ही वेळा हात न लावता कडी लागली नाही, तर बिजागरी त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.