टोकियोत कुठलं टोक गाठायचं?

दोन टॉवर, हातात एकच संध्याकाळ आणि खिशात मोजकेच येन! टोकियोला जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा पेपर सोडवावाच लागतो. टोकियो टॉवरवर चढायचं की टोकियो स्कायट्रीवर? एक १९५८चा, दुसरा २०१२चा. एक ३३३ मीटर, दुसरा ६३४. थोडक्यात, लढत काका-पुतण्याची आहे. आणि काका-पुतण्याची लढत म्हटली की मराठी वाचक खुर्ची पुढे ओढतोच!

पहिला राउंड उंचीचा. तो पुतण्याने न खेळताच जिंकलाय. स्कायट्रीचा खालचा डेकच ३५० मीटरवर आहे, म्हणजे काकांच्या अँटेनाचं टोकसुद्धा त्याच्या खाली. वरचा डेक ४५० मीटरवर. तिथल्या काचेच्या गोल चढणीवरून चालत गेलात की ४५१.२ मीटर. पॉइंट दोनही सोडला नाही, जपान आहे हे!

माहीत आहे का, बरोबर ६३४च का? टोकियोचा हा भाग जुन्या काळी मुसाशी प्रांतात यायचा. आता जपानी आकडे जरा लाडीक पद्धतीने वाचा. सहा ‘मु’, तीन ‘सा’, चार ‘शी’. झालं मुसाशी! पहिला आराखडा खरं तर ६१० मीटरच्या आसपासचा होता. पण चीनमधला कँटन टॉवरही तेवढाच होतोय म्हटल्यावर आकडा वाढला, आणि वाढवता वाढवता कोटीही साधली गेली. पुलंनी नक्की दाद दिली असती.

गिनीजच्या पुस्तकात स्कायट्री हा जगातला सर्वांत उंच टॉवर. मग दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा? अहो, ती इमारत! तुकड्या वेगळ्या, त्यामुळे पहिला नंबर दोघांचाही.

आता जरा काकांकडे वळू. कारण उंचीत मार खाल्ला तरी किस्से सांगायला बसले की काका कुणाला ऐकत नाहीत.

माहीत आहे का, टोकियो टॉवरच्या अंगात रणगाडे आहेत? कोरियन युद्धात कामी आलेले अमेरिकन रणगाडे भंगारात निघाले, वितळवले गेले आणि त्यातलं पोलाद या टॉवरला लागलं. युद्धातून सावरणाऱ्या देशाला चांगलं पोलाद हवं होतं, आणि रणगाड्याइतकं चांगलं पोलाद भंगारात दुसरीकडे कुठे मिळणार? भंगारातून शृंगार, तोही तब्बल ३३३ मीटर!

दिसायला आयफेल टॉवरचा जुळा भाऊ. पण पॅरिसच्या थोरल्याच्या अंगावर लोखंड सुमारे ७,३०० टन आणि टोकियोच्या धाकट्याच्या अंगावर पोलाद साधारण ४,००० टन. उंची मात्र थोरल्यापेक्षा किंचित जास्तच. याला म्हणतात डाएट!

आणि हो, तो लाल नाही. फोटोत लाल दिसतो, सगळे लालच म्हणतात, पण अधिकृत रंग ‘इंटरनॅशनल ऑरेंज’ आणि पांढरा. सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. विमानांना लांबून दिसावं म्हणून कायद्यानेच पट्टे मारायला लावले. पुन्हा रंगवायचं म्हटलं की २८,००० लिटर रंग. मुंबईतल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा आकडा सांगू नका, लगेच मीटिंग लावेल.

डिझायनर ताचू नाइतो. टोपणनाव ‘टॉवर डॉक्टर’. नागोया, ओसाका, बेप्पू, सप्पोरो, टोकियो, हाकाता अशा सहा ठिकाणचे टॉवर त्यांच्या नावावर आहेत. कॉम्प्युटर? छे! हाताशी एक छोटासा स्लाइड रूल. त्या पट्टीवर गणितं करून उभे केलेले टॉवर भूकंपांच्या देशात आजही ताठ आहेत, आणि आपल्याला दहा टक्के डिस्काउंट काढायला मोबाइल लागतो.

माहीत आहे का, ‘टोकियो टॉवर’ हे नाव स्पर्धेत सपशेल हरलं होतं? लोकांकडून नावं मागवली तर ८६,२६९ सूचना आल्या. सर्वांत जास्त पसंती ‘शोवा टॉवर’ला. ‘टोकियो टॉवर’ सुचवणारे फक्त २२३, म्हणजे अर्धा टक्काही नाही! पण परीक्षकांच्या मनात हेच बसलं आणि जनमताची फाइल बंद. पुतण्याच्या वेळी मात्र रीतसर मतदान झालं. लाखाहून जास्त मतं पडली आणि ‘टोकियो एदो टॉवर’ला निसटत्या फरकाने हरवून ‘स्कायट्री’ निवडून आला.

टोकियो टॉवरचं उद्घाटन झालं डिसेंबर १९५८मध्ये. १९६१मध्ये तो मोडला! घाबरू नका, सिनेमात. ‘मोथ्रा’ नावाच्या महाकाय अळीने टॉवर वाकवला आणि त्यावरच आपला कोश विणला. १९६७मध्ये किंग काँग आणि त्याचा यांत्रिक डुप्लिकेट याच टॉवरवर भिडले. जपानी पडद्यावर राक्षस आला की टोकियो टॉवरने अंग चोरायचं, असा नियमच पडून गेला.

खऱ्या आयुष्यातला धक्का बसला ११ मार्च २०११ला. त्या महाभूकंपात काकांच्या डोक्यावरच्या अँटेनाचं टोक वाकलं. दुरुस्तीचं काम पुढच्या वर्षी झालं, आणि अँटेनाच्या पोकळ आधाराच्या आत काय सापडलं असेल? चेंडू! बेसबॉल खेळायचा एक जुनापुराणा चेंडू, जमिनीपासून तीनशेहून जास्त मीटर उंचीवर. तो तिथे पोहोचला कसा याचा पत्ता आजवर लागलेला नाही. गल्लीत ज्यांचा चेंडू कधीकाळी हरवलाय, त्यांनी आशा सोडू नये.

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. १९५८मध्ये जपानी तुकडीला अंटार्क्टिका सोडून परतावं लागलं आणि १५ कुत्रे तिथल्या बर्फात साखळीनेच बांधलेले राहिले. पुढच्या वर्षी माणसं परत गेली तेव्हा दोनच जिवंत होते, तारो आणि जिरो. त्या पंधराही कुत्र्यांचे पुतळे १९५९पासून टोकियो टॉवरच्या पायाशी उभे होते. २०१३मध्ये ते ध्रुवीय संशोधन संस्थेच्या आवारात हलवले. मला विचाराल तर ते टॉवरपाशीच राहायला हवे होते. डोळे वर लावून धावणाऱ्या टुरिस्टांना क्षणभर खाली बघायला लावणारं तेवढंच काही होतं तिथे.

बरं, एवढा लाडका काका असताना पुतण्या लागलाच कशाला? टीव्हीसाठी! दोघांचीही मूळ नोकरी प्रक्षेपणाची, पर्यटन हा साइड बिझनेस. काकांच्या अवतीभोवती दोनशे मीटरच्या वर जाणाऱ्या इमारती उगवल्या, सिग्नलच्या वाटा अडल्या. त्यात डिजिटल टीव्ही आला. शेवटी २०१३मध्ये टोकियोच्या वाहिन्यांनी आपलं बिऱ्हाड स्कायट्रीवर हलवलं. काका पूर्ण रिटायर नाहीत हं, बॅकअप म्हणून हजर असतात.

आता पुतण्याची बाजू. ११ मार्चच्या त्याच भूकंपात स्कायट्री अर्धवट बांधलेला, कामगार वर, शेवटचे काही मीटर बाकी. टॉवरला काही झालं नाही. बरोबर एका आठवड्याने, १८ मार्चला त्याने ६३४चा आकडा गाठला! काम संपल्याची तारीखही बघा कशी झोकात, २९ फेब्रुवारी २०१२. वाढदिवस चार वर्षांतून एकदाच, केकचा खर्च वाचला.

हा भूकंपात टिकतो कसा? उत्तर देवळात आहे. जपानमधल्या जुन्या पाच मजली पॅगोडांच्या मधोमध एक खांब असतो, बाकीच्या सांगाड्यापासून जरासा सुटा. स्कायट्रीच्या पोटातही तसाच काँक्रीटचा खांब आहे, ८ मीटर व्यासाचा आणि ३७५ मीटर उंच. १२५ मीटरच्या वर तो बाहेरच्या पोलादी सांगाड्याला थेट जोडलेला नाही. मधे तेलाचे डॅम्पर. सांगाडा एका तालात डोलतो, खांब दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांचा झोका खातात. खांबाच्या आत आणीबाणीसाठी २,५२३ पायऱ्या. लिफ्ट असताना त्या मोजायला जाऊ नका, ती तुम्हाला ५० सेकंदांत ३५० मीटरवर नेते.

माहीत आहे का, स्कायट्री कधी कधी कललेला दिसतो? तुमचं काही चुकलेलं नाही आणि इंजिनिअरचंही. त्याचा पाया त्रिकोणी आहे आणि वर जाता जाता तो गोल होतो. त्यामुळे उभं राहायची जागा बदलली की त्याची कंबरही लचकल्यासारखी वाटते. फोटो तिरका आला म्हणून नवऱ्याला बोल लावण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

हे तर भारीच! चित्रकार उतागावा कुनियोशीचं १८३१च्या सुमाराचं एक चित्र आहे, सुमिदा नदीकाठचं. त्यात क्षितिजावर दोन बुरूज. एक आग लागल्याची टेहळणी करणारा, तसे एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, होतेच. दुसरा त्याहून कितीतरी उंच, आणि दिसायला थेट स्कायट्री! टॉवर बांधून होत होता तेव्हाच २०११मध्ये हे चित्र गाजलं आणि कुनियोशीला भविष्य दिसत होतं अशी आवई उठली. विहीर खोदायची घोडी असेल असं जाणकार म्हणतात. जाणकार नेहमीच मजा घालवतात.

आणि आता डोकं गरगरवणारा आयटम. स्कायट्रीवर तुम्ही लवकर म्हातारे होता! आइन्स्टाइन सांगून गेले की गुरुत्वाकर्षण जितकं कमी, तितकं घड्याळ जलद. जपानी शास्त्रज्ञ हिदेतोशी कातोरी यांच्या चमूने स्कायट्रीच्या पायथ्याशी आणि ४५० मीटरच्या डेकवर अतिसूक्ष्म घड्याळं ठेवून ते मोजलं आणि २०२०मध्ये प्रसिद्ध केलं. वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ४.२६ नॅनोसेकंद पुढे! या हिशेबाने एका सेकंदाने म्हातारं व्हायला वर साधारण ६ लाख ४० हजार वर्षं मुक्काम करावा लागेल. सेल्फीसाठी अर्धा तास थांबायला हरकत नाही.

काका-पुतण्या झाले, आजोबा राहिलेच की! स्कायट्रीपासून चालत जाता येईल अशा आसाकुसात १८९०मध्ये बारा मजली ‘र्‍योउनकाकु’ उभा राहिला. जपानमधली पहिली इलेक्ट्रिक लिफ्ट त्यात होती, पण धोकादायक म्हणून ती काही महिन्यांतच बंद पडली. लोक जिने चढायला तयार होईनात. मालकांनी काय करावं? जिन्याच्या भिंतींवर शंभर गेशांचे फोटो लावले आणि सौंदर्यस्पर्धा जाहीर केली. सगळे फोटो बघायचे तर चढा! पाय दुखल्याची तक्रार एकदम कमी झाली असणार. १९२३च्या भूकंपात हे आजोबा मधूनच मोडले.

चढायची हौस आजही असेल तर काकांकडे जा. शनिवार-रविवारी टोकियो टॉवरच्या बाहेरच्या जिन्याने ६००च्या आसपास पायऱ्या चढून १५० मीटरचा मेन डेक गाठता येतो. वर पोहोचलात की सर्टिफिकेट मिळतं. तिकीट मात्र पूर्ण भरायचं, घाम तुमचाच. डेकवर चक्क एक शिंतो देऊळही आहे. परीक्षेचे विद्यार्थी तिथे हात जोडतात. उंचावरचा देव, उंच मार्क!

मग निकाल काय? सांगतो, आडपडदा न ठेवता. उंची, इंजिनिअरिंग आणि थंडीच्या स्वच्छ सकाळी दिसणारा फुजी हवा असेल तर स्कायट्री. मुलं बरोबर असतील तरी स्कायट्री, कारण खाली मॉल आणि अ‍ॅक्वेरियम आहे. पण ४५० मीटरवरून शहराचा नकाशा होतो. माणूस दिसत नाही, गाडी दिसत नाही. १५० मीटरवरून टोकियो अजून टोकियो वाटतं. खाली झोजोजी मंदिराचं छप्पर, सिग्नलला थांबलेल्या गाड्या, रस्ता ओलांडणारे छत्रीवाले. शिवाय काकांचं तिकीटही स्वस्त. म्हणून एकच संध्याकाळ असेल तर माझं मत काकांना.

विरोधकांचा मुद्दाही मांडतो. काकांवर चढलात तर टोकियोच्या नजाऱ्यातली सर्वांत देखणी वस्तू दिसणारच नाही, कारण तुम्ही तिच्यातच उभे असता! पुतण्यावरून ती दिसते, पण आठेक किलोमीटर लांब, बोटाएवढी.

स्कायट्रीवर जाणार असाल तर तिकीट आधी बुक करा, ऐनवेळी महाग पडतं, शनिवार-रविवारी आणखी महाग. वारा फार सुटला की लिफ्ट बंद ठेवतात, तेव्हा हवामान बघून निघा. आणि उतरल्यावर भूक लागली, सुशी नको, भाजी-पोळी हवी असं वाटलं, तर पूर्वेला एदोगावा वॉर्डातलं निशि-कासाई गाठा. टोकियोतलं मिनी इंडियाच ते. याच वॉर्डाच्या असेंब्लीवर २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

इतकं वाचूनही ठरत नसेल, तर तिसरी आघाडी आहे! शिंजुकूतली टोकियो महानगर सरकारची इमारत, केंझो तांगे यांच्या डिझाइनची. ४५व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर डेक, हवा स्वच्छ असली की टोकियो टॉवर आणि स्कायट्री दोन्ही दिसतात. दक्षिणेकडच्या डेकवर यायोई कुसामांच्या ठिपक्यांनी नटलेला पिवळा पियानो आहे, ठरलेल्या वेळेत कुणीही वाजवावा. रात्री या इमारतीच्या भिंतीवर प्रोजेक्शनचा जो खेळ रंगतो, त्याला कायमस्वरूपी खेळांत जगातला सर्वांत मोठा म्हणून २०२४मध्ये गिनीजचा शिक्का मिळाला. आणि तिकीट? चकटफू! फक्त बॅग तपासून घ्यायची.