बमरोलीचं पाणी, फोनवरचा प्रबंध

सुरतच्या बमरोलीत महापालिकेचा प्रकल्प 2014पासून सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पांडेसराच्या कापड कारखान्यांना देतो. क्षमता रोजची चार कोटी लिटर. अशा कारखान्यांतून निघणाऱ्या रंगाच्या सांडपाण्यावर आपल्याकडे पीएचडीही पुष्कळ झाल्या, पण त्यांचे प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत धूळ खात पडायचे. यूजीसीच्या 2009च्या नियमानंतर ते ‘शोधगंगा’वर येऊ लागले. हे भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट सांभाळतं. तिथे प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. म्हणजे खानदेशातून बमरोलीत येऊन राहिलेल्या घरातली मुलगी प्रयोगपद्धतीचं तेवढं प्रकरण फोनवर उतरवून घेऊ शकते, तेही फुकट. मला याचं फार अप्रूप आहे.

शोधपत्रिकांचं कुलूप मात्र अर्धंच उघडलंय. जानेवारी 2025पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेमुळे 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 पत्रिका सरकारी संस्थांना मिळतात. खासगी कॉलेजातली पोरं अजून दाराबाहेरच. हे लवकर बदलायला हवं.

समाजमाध्यमांनी संशोधन लोकांपर्यंत पोचण्याचा वेगही वाढवलाय. 2023च्या जुलैत ‘एलके-99’ या कथित अतिवाहकाचा कोरियन निबंध समीक्षेआधीच ‘अर्काइव्ह’ या खुल्या ऑनलाइन संग्रहावर आला. काही दिवसांतच दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले व्ही. पी. एस. अवाना आपल्या फसलेल्या चाचणीचे निकाल थेट फेसबुकवर मांडत होते.